पहारा आणि प्रायश्चित्त

न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता, ठरावीक मुदतीसाठी, काही अटींवर आणि एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याच्या घरीच राहू देण्याच्या पद्धतीला कायद्यात परिवीक्षा म्हणतात. कृत्य आणि कर्ता यांत अंतर आहे, आणि कृत्याबद्दल जाब विचारतानाही कर्त्याला निराळा होण्याची वाट मोकळी ठेवता येते, हा या पद्धतीचा नैतिक पाया होय. परंतु पुन्हा गंभीर गुन्हा करण्याची शक्यता ज्याच्या बाबतीत मोठी दिसते अशा माणसापाशी हा पाया डळमळू लागतो, कारण तेथे एकाला दिलेल्या संधीची किंमत दुसऱ्याच कोणा निरपराध माणसाला मोजावी लागेल अशी रास्त धास्ती असते. या पेचावर अमेरिकेने गेल्या चाळीस वर्षांत ज्या तोडग्यावर मोठी भिस्त ठेवली तो म्हणजे सघन परिवीक्षा: अधिकाऱ्याकडे माणसे थोडी, भेटी पुष्कळ, अटी कडक आणि तपासण्या वारंवार. तिचा परिणाम काय होतो याची मोजदाद समाजशास्त्रज्ञांनी केली आहे. पण त्या मोजदादीतून वर येणारा प्रश्न मुळात धर्मचिंतनाचा आणि नीतिमीमांसेचा आहे. पाहत राहिल्याने माणूस बदलतो का, आणि तेवढ्याने बदलत नसेल तर पाहणारा आणखी काय देणे लागतो?

परिवीक्षेचा उगम धर्मभावनेतच आहे. १८४१ मध्ये बॉस्टन शहरातील जॉन ऑगस्टस या चांभाराने दारूच्या नशेत सापडलेल्या एका माणसाला स्वतः जामीन राहून न्यायालयातून सोडवून नेले, त्याच्याकडून दारू सोडण्याची शपथ घेतली आणि तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा न्यायाधीशापुढे उभे केले, तेव्हा त्याला नाममात्र एक सेंट दंड झाला. १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टसने सुमारे दोन हजार माणसांची अशी हमी घेतली. इंग्लंडमध्ये १८७६ पासून चर्चच्या मद्यपानविरोधी संस्थेचे सेवक पोलीस न्यायालयांत असेच काम करू लागले, आणि १९०७ च्या कायद्याने त्याला सरकारी रूप देताना अधिकाऱ्याची कर्तव्ये सल्ला, साहाय्य आणि मैत्री अशी सांगितली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे: ऑगस्टस चौकशी करून, निवडून माणसे घेत असे, आणि निर्ढावलेल्यांना तो बहुतेक दूरच ठेवी. ज्यांच्यासाठी आज सघन परिवीक्षा योजली जाते ती माणसे या करुणेच्या आरंभापासूनच तिच्या परिघाबाहेर होती.

ती परिघात आली ती करुणेपेक्षा गर्दीमुळे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील तुरुंग भरून वाहू लागले, आणि जॉर्जिया राज्याने १९८२ मध्ये जो कार्यक्रम सुरू केला तो पुढे अनेक राज्यांनी नमुना म्हणून उचलला. त्यातील अटी पाहिल्या म्हणजे या व्यवस्थेचा स्वभाव कळतो. पहिल्या टप्प्यात आठवड्यातून पाच वेळा समोरासमोर भेट, १३२ तासांचे सक्तीचे समाजकार्य, रात्रीची संचारबंदी, नोकरी असणे बंधनकारक, दर आठवड्याला स्थानिक अटकनोंदींची पडताळणी आणि पूर्वसूचनेवाचून दारूच्या व मादक पदार्थांच्या चाचण्या. पंचवीस माणसांमागे दोन जण नेमलेले असत, एक परिवीक्षा अधिकारी आणि दुसरा केवळ पाळत ठेवणारा अधिकारी. ऑगस्टसच्या ठायी जी दोन कामे एकवटली होती, हमी घेणे आणि लक्ष ठेवणे, त्यांतील लक्ष ठेवण्याला स्वतंत्र पद मिळाले. हमी घेणारा मात्र कोणी उरला नाही.

या कार्यक्रमांची पहिली मोठी कसोटी रँड या संशोधनसंस्थेच्या जोन पीटर्सिलिया आणि सुझन टर्नर यांनी घेतली. नऊ राज्यांतील चौदा ठिकाणी पात्र अपराध्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला सघन आणि दुसऱ्याला नेहमीची देखरेख देण्यात आली; अशा वाटणीमुळे दोन्ही गट मुळात सारखे राहतात आणि पुढे दिसणारा फरक देखरेखीचाच मानता येतो. वर्षभरात सघन गटातील सुमारे ३७ टक्के आणि नेहमीच्या गटातील सुमारे ३३ टक्के लोकांना नव्या गुन्ह्यासाठी अटक झाली, म्हणजे पहाऱ्याने गुन्हे घटल्याचे दिसले नाही. अटभंगाची नोंद मात्र नेहमीच्या गटात ३८ टक्के, तर सघन गटात ६५ टक्के झाली. अटभंग म्हणजे नवा गुन्हा नव्हे. भेट चुकवणे, चाचणीत दोष आढळणे, संचारबंदीच्या वेळी घराबाहेर असणे, असे परिवीक्षेच्या शर्तींचे उल्लंघन. तुरुंगातील गर्दी कमी करण्यासाठी काढलेली ही वाट या नोंदींमुळे पुन्हा तुरुंगाच्याच दाराशी जाऊन पोचली.

त्या कार्यक्रमांत खरोखर अतिजोखमीची माणसे थोडीच होती, असा आक्षेप त्या निष्कर्षांवर घेता येत होता. तो फिलाडेल्फिया शहरातील प्रयोगाने बऱ्याच अंशी निकालात काढला. तेथे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी संगणकाकडून असे एक पूर्वानुमान तयार करवून घेतले होते, की वय, पूर्वीचे आरोप, पहिल्या आरोपाच्या वेळचे वय अशा नोंदींवरून येत्या दोन वर्षांत कोणावर गंभीर गुन्ह्याचा आरोप होण्याचा संभव आहे हे वर्तवता यावे. या चाळणीतून अतिजोखमीचे ठरलेल्यांपैकी ४४७ जणांना सघन आणि ३८५ जणांना नेहमीच्या परिवीक्षेत ठेवून बारा महिने पाहिले. जॉर्डन हायट आणि जॉफ्री बार्न्स यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की नव्या गुन्ह्यांची संख्या, त्यांचे गांभीर्य आणि ते घडेपर्यंत गेलेला काळ यांत दोन गटांमध्ये फरक पडला नाही. सघन गटातील लोक मात्र अधिक प्रमाणात देखरेख सोडून परागंदा झाले, अधिक अटभंगांत सापडले आणि अधिक वेळा कैदेत गेले.

असे का व्हावे, याचे उत्तर अशा माणसाच्या एका आठवड्यात शोधावे लागते. गोदामातील रात्रपाळीवरून सकाळी घरी आलेल्याला दहा वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात हजर व्हायचे असते. तेथे तास दीड तास थांबून लघवीचा नमुना द्यायचा, नोकरीचा पुरावा म्हणून पगाराची चिठ्ठी दाखवायची, आणि दोन दिवसांनी हेच पुन्हा. मुकादम एकदा सुटी देतो, दोनदा देतो, तिसऱ्यांदा दुसरा माणूस पाहतो. मग नोकरी नाही हाच अटभंग ठरतो, आणि एक भेट चुकलेली असताना दुसऱ्या भेटीस गेलो तर तेथूनच बेड्या पडतील या भीतीने माणूस जायचाच थांबतो. ज्या परागंदा होण्याला अहवालात उद्दामपणाचे लक्षण समजले जाते, ते कित्येकदा धाकाने केलेले पलायन असते. याउलट अधिकाऱ्याला काय दिसते? त्याने पाहण्याचे प्रमाण वाढवलेले असल्यामुळे त्याला दोष अधिक दिसतात, आणि दिसलेला प्रत्येक दोष माणूस वाईट असल्याचा पुरावा म्हणून नोंदला जातो.

या निष्कर्षांवरून काहीही केले तरी उपयोग होत नाही असे मात्र म्हणता येत नाही. रँडच्याच अभ्यासात जेथे पहाऱ्याबरोबर व्यसनमुक्ती, समुपदेशन, रोजगार अशी मदतही मिळाली तेथे पुन्हा अटक होण्याचे प्रमाण १० ते २० टक्क्यांनी कमी आढळले. कॅनडातील अँड्रूज आणि बोंटा यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार सखोल उपचार जोखमीच्या माणसांनाच सर्वाधिक लागू पडतात, आणि जोखीम कमी असलेल्यांवर तेच लादल्यास अपाय होतो. हवाई बेटांवर न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत प्रत्येक अटभंगाला तत्काळ पण अल्प शिक्षा होती, आणि तिचे आरंभीचे परिणाम उत्तम आले. पुढे चार राज्यांत तीच पद्धत कसोटीला लावली तेव्हा २०१६ मध्ये लाभ दिसला नाही. एक अनुमान असे करता येते, की आल्म प्रत्येकाला समोर बसवून या दालनातील सर्वांना तुझे भले व्हावे असे वाटते हे सांगत, आणि नियमावली दुसरीकडे नेता आली तरी त्या शब्दांमागचा माणूस नेता आला नाही. हे अनुमानच आहे, पण ते मूळ प्रश्नाकडे नेते.

तो प्रश्न जोखीम या कल्पनेपासूनच सुरू होतो. संगणकाने दिलेला आकडा एका समूहाविषयी बोलतो: अशा नोंदी असलेल्या इतक्या लोकांपैकी इतके पुन्हा गुन्ह्यात सापडले. तोच आकडा एका विशिष्ट माणसाच्या कपाळी लिहिला गेला की त्याचे भविष्य ठरल्यासारखे वाटू लागते. बुद्धाच्या काळी मक्खली गोसाल या आजीवक आचार्याने नियतिवाद मांडला होता: जे व्हायचे ते ठरलेले आहे, माणसाच्या प्रयत्नाने त्यात बदल होत नाही. बुद्धाने या मताला इतर मतांपेक्षाही अधिक घातक मानले, कारण ते खरे असेल तर कोणतीही साधना, कोणताही पश्चात्ताप निरर्थक ठरतो. पण त्याने उलट टोकाची मोकळीकही सांगितली नाही. प्रत्येक गोष्ट कारणांच्या जुळणीतून उपजते, आणि ती कारणे बदलली की फळ बदलते, हे त्याचे उत्तर होते. या दृष्टीने पाहता जोखमीचा आकडा खोटा नाही. तो आजच्या कारणांच्या जुळणीचा अंदाज आहे. सघन परिवीक्षेची चूक अशी, की तिने त्या जुळणीत पहाऱ्याचे एकच नवे कारण घातले आणि घर, काम, संगत, व्यसन ही बाकीची कारणे जागच्या जागी ठेवून निराळ्या फळाची अपेक्षा केली.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमसंहितेत, दोषी माणसाला मुदतीने आणि अटींवर सामावून ठेवण्याची परिवास नावाची एक पद्धत आहे, आणि तिची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. संघादिसेस या गंभीर वर्गातील अपराध करून तो ज्याने लपवला, त्या भिक्षूला लपवलेल्या दिवसांइतके दिवस परिवासात काढावे लागतात, त्यानंतर मानत्त नावाचे सहा रात्रींचे व्रत पाळावे लागते, आणि मग किमान वीस भिक्षूंचा संघ एकत्र जमून त्याला पूर्ववत करतो. एकोणीस जमले तर ते कर्म ग्राह्य होत नाही. परिवासात असताना त्याने इतर भिक्षूंचे वंदन स्वीकारायचे नसते, आसन, अंथरूण आणि निवास यांत त्याला शेवटचा वाटा मिळतो, आणि पाहुणा म्हणून आलेल्या प्रत्येक भिक्षूला आपली स्थिती स्वतःच्या तोंडाने सांगावी लागते. हे कडक आहे, अपमानकारकही आहे. तरीही त्याला वसतीच्या बाहेर काढलेले नसते.

अटभंगाविषयीचे नियम तर याहून विचारात पाडणारे आहेत. परिवासातल्या भिक्षूने एखाद्या दिवशी आपली स्थिती जाहीर केली नाही किंवा शुद्ध भिक्षूबरोबर एका छपराखाली रात्र काढली, तर ती रात्र मोजली जात नाही, एवढेच. तसाच अपराध पुन्हा घडला तरच त्याला आरंभापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे शर्त चुकणे आणि पुन्हा अपराध करणे यांतला भेद या पद्धतीच्या रचनेतच आहे. एकदा श्रावस्तीत भिक्षूंची इतकी गर्दी झाली की प्रत्येकाला गाठून आपली स्थिती सांगणे परिवासातल्यांना अशक्य झाले, तेव्हा परिवास काही काळ बाजूला ठेवून पुढे चालू करण्याची मुभा देण्यात आली. अट पाळणे परिस्थितीने अवघड केले असेल तर दोष अट घालणाऱ्याने सावरायचा, ही जाणीव त्या मुभेत आहे. रात्रपाळीच्या कामगाराला दहा वाजता बोलावणाऱ्या व्यवस्थेत ती सापडत नाही. शिवाय येथे मुदत मोजली जाते ती घडून गेलेल्या लपवाछपवीवरून. उद्या काय करशील या शंकेसाठी आज एकही रात्र वाढत नाही. आणि शेवटी वीस माणसांनी आपला वेळ देऊन त्याला परत घेतल्याखेरीज काम पुरे होत नाही, म्हणजे बंधन दोन्ही बाजूंना आहे.

हा नमुना जसाच्या तसा आजच्या शहराला लावता येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परिवास स्वखुशीने संघात आलेल्यांसाठी होता आणि दोषी भिक्षूने तो स्वतः मागायचा असे. शिवाय अतिजोखमीच्या माणसापुढे संघाचाही धीर सुटला होता. मज्झिमनिकायातील कथेत वाटसरूंच्या बोटांची माळ घालणारा अंगुलिमाल बुद्धाच्या भेटीनंतर भिक्षू होतो, आणि त्याला पकडायला निघालेला कोसलाचा राजा पसेनदी त्याला शांत बसलेला पाहून आधी भयाने शहारतो आणि नंतर आपले शस्त्रबळ जे करू शकले नाही ते घडल्याचे मान्य करतो. पण विनयातील महावग्गात या कथेची दुसरी बाजू आहे: अंगुलिमालाला चीवरात पाहून लोक घाबरले, पळाले, त्यांनी तक्रार केली, आणि कुप्रसिद्ध दरोडेखोराला यापुढे प्रव्रज्या, म्हणजे संघप्रवेशाची दीक्षा, देऊ नये असा नियम झाला. एकाला मिळालेली वाट त्याच्यासारख्या पुढच्या सर्वांना बंद झाली. या नियमाला भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण संघ गावाच्या भिक्षेवर जगत होता आणि गावाचा विश्वास गमावणे त्याला शक्य नव्हते. परंतु धोका आणि करुणा यांतील ओढाताण सर्वांत करुणामय परंपरेलाही सोडवता आली नाही, याची ती नोंद आहे.

धर्मशास्त्राने हाच प्रश्न निराळ्या ठिकाणी धरला. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत, आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने तिच्यावर लिहिलेली मिताक्षरा ही टीका महाराष्ट्राच्या न्यायपरंपरेत शतकानुशतके प्रमाण मानली गेली. प्रायश्चित्ताने काय साधते, या चर्चेत स्मृतीने एक सूक्ष्म भेद केला आहे: नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणूनबुजून केलेले जात नसले तरी प्रायश्चित्त घेणारा माणूस व्यवहार्य होतो, म्हणजे इतरांनी त्याच्याशी उठणे-बसणे, खाणे-पिणे, देणे-घेणे करण्यास योग्य ठरतो. अंतःकरण शुद्ध झाले की नाही याचा निर्णय समाजाच्या हाती नाही, आणि तो होईपर्यंत माणसाला दाराबाहेर ताटकळत ठेवण्याचा अधिकारही समाजाला नाही, असा याचा अर्थ लावता येतो. याच शास्त्राने प्रायश्चित्ताची मात्रा वर्णावर बसवली, आणि काहींना व्यवहारातून जन्मानेच वगळले, ही गोष्ट विसरून या भेदाचे कौतुक करता येणार नाही. तो भेद त्या अन्यायापासून सोडवून घेतला तरच उपयोगी आहे.

भारताच्या १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात अशा सोडवणुकीचा अंश दिसतो. या कायद्याच्या कलम १२ नुसार परिवीक्षेवर सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागत नाही. म्हणजे कायदा त्याला व्यवहार्य ठरवतो. कलम ९ मध्ये बंधपत्रातील शर्त पहिल्यांदा मोडली तर बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद आहे, जी परिवासातल्या त्या न मोजलेल्या रात्रीच्या जवळची आहे. देहान्त किंवा जन्मठेप ज्यांसाठी होऊ शकते अशा गुन्ह्यांना मात्र परिवीक्षेवर सोडण्याची कलम ४ ची सवलत नाही, तेव्हा अंगुलिमालानंतरचा नियम येथेही आहेच. आणि तरीही त्याच वर्गातील माणसांवर भरवसा टाकण्याचा प्रयोग या भूमीत झाला आहे. औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपूर ही वसाहत उभी केली, जेथे खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी भिंतींवाचून, शेती करत, कुटुंबासह राहू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच वसाहतीची प्रेरणा होती. तेथेही देखरेख होती. पण तिच्या जोडीला जमीन होती, घर होते, जवळची माणसे होती, आणि पिकाची वाट पाहण्यात जाणारे दिवस होते.

एवढे सारे मान्य केले तरी या चर्चेत एक माणूस अजून गप्प आहे, तो म्हणजे ज्याचे नुकसान झाले तो. अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर ढेकळे, काठ्या आणि खापऱ्या येऊन आदळल्या, आणि तो फुटके डोके, मोडके पात्र, फाटके चीवर घेऊन परतला. बुद्धाने त्याला ते सोसण्यास सांगितले, आणि ढेकळे मारणाऱ्यांना बोल लावला नाही. ज्यांच्या घरची माणसे मारली गेली त्यांच्या रागाला त्या कथेत जागा आहे, फक्त त्या रागाचे काय करायचे हे कथा सांगत नाही. पहारा या रागाला भुलवतो, कारण कोणीतरी लक्ष ठेवून आहे एवढे समाधान तो देतो. पीडिताच्या हाती प्रत्यक्षात काही पडत नाही. १९५८ च्या कायद्यातील कलम ५ न्यायालयाला सुटलेल्या अपराध्याकडून पीडिताला भरपाई देवविण्याचा अधिकार देते, पण भरपाई देण्यासाठी माणसाला कमवावे लागते, आणि भेटींच्या व चाचण्यांच्या फेऱ्यांत ज्याची नोकरी जाते तो ती देऊ शकत नाही. म्हणून सघन परिवीक्षेच्या पुढील प्रयोगांत अटक, अटभंग आणि कैद या तीन रकान्यांशेजारी आणखी दोन रकाने आले पाहिजेत: पीडिताचे देणे किती फिटले, आणि काम, घर व उपचार यांपैकी जे व्यवस्थेने कबूल केले होते त्यातले तिने किती दिले.